स्कायलाइनचा परदेशवास

मोटार जुनी होत जाते तशी तिची किंमत उतरते, हा बाजाराचा सर्वसाधारण नियम. या नियमाला उलटे टाकणारी एक घटना २०१४ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत घडली. निसान कंपनीची स्कायलाइन जीटी-आर ही जपानी मोटार त्या महिन्यात पंचवीस वर्षांची झाली, आणि केवळ वय झाले म्हणून त्या देशाचे दार तिला उघडले. आदल्या महिन्यापर्यंत जी गाडी बंदरावर सापडती तर अडकून पडती, ती आता रीतसर नंबराची पाटी लावून रस्त्यावर धावू लागली. गाडीत कोणतीही सुधारणा झालेली नव्हती. तिचे दिवे तेच, काचा त्याच, धूरही तोच. बदलली होती ती फक्त तारीख.

ही गाडी कोण, आणि परक्या देशातील माणसांनी तिची अशी वाट का पाहावी, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जपानमध्ये विमाने बांधण्यास बंदी आली आणि विमानांच्या कारखान्यांतील कसबी इंजिनियर एकाएकी बेकार झाले. ताचिकावा विमान कारखान्यातील काही मंडळींनी तेव्हा मोटारी बांधावयाचे ठरविले. पण पेट्रोल कोठून आणणार? ते मिळेना, म्हणून १९४७ मध्ये त्यांनी विजेच्या घटांवर चालणारी 'तामा' नावाची छोटी मोटार बांधली. पुढे पेट्रोल मिळू लागले तशी विजेची गाडी मागे पडली. १९५२ मध्ये युवराज अकिहितो यांचा युवराजपदाचा समारंभ झाला, त्याचे निमित्त साधून नव्या गाडीला 'प्रिन्स' हे नाव मिळाले आणि तेच कारखान्याचे नाव झाले. नाकाजिमा या दुसऱ्या विमान कंपनीच्या इंजिन विभागातून उभा राहिलेला कारखानाही १९५४ मध्ये याला येऊन मिळाला. लढाऊ विमानांचे 'होमारे' इंजिन ज्यांनी आखले, ते र्‍योइची नाकागावा या नव्या संसाराचे तांत्रिक प्रमुख होते. स्कायलाइन ही या प्रिन्स कंपनीची कन्या. तिचा जन्म १९५७ चा.

तिला कीर्ती मिळाली ती मात्र पराभवामुळे. मे १९६४ मध्ये सुझुका येथे जपानची दुसरी ग्रां प्री शर्यत झाली. प्रिन्सच्या शिनिचिरो साकुराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार सिलिंडरांच्या लहानशा स्कायलाइनचे नाक वीस सेंटिमीटर लांब केले आणि तेथे 'ग्लोरिया' या मोठ्या गाडीचे सहा सिलिंडरांचे इंजिन बसविले. शर्यतीच्या नियमाप्रमाणे अशा शंभर गाड्या बांधणे भाग होते, त्या बांधल्या. पण ऐन वेळी सोकिची शिकिबा हे जर्मनीची पोर्शे ९०४ घेऊन उतरले. ती केवळ शर्यतीसाठी घडविलेली, जमिनीला चिकटून धावणारी गाडी; स्कायलाइन ही बोलूनचालून कुटुंबाने बसावयाची चार दारांची पेटी. सरावात पोर्शे आदळली, तिची घाईने दुरुस्ती झाली, तरी शर्यत तिनेच जिंकली. परंतु सातव्या फेरीत तेत्सु इकुझावा यांची स्कायलाइन तिच्या पुढे निघून प्रेक्षकांसमोरून गेली, आणि ती एक फेरी जपानी लोक आजतागायत विसरलेले नाहीत. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे सर्व क्रमांक स्कायलाइननीच पटकावले. लढाईत हरूनही पोवाडा ज्याच्या नावाचा व्हावा, अशातला हा प्रकार.

१९६६ मध्ये प्रिन्स कंपनी निसानमध्ये विलीन झाली. फेब्रुवारी १९६९ मध्ये शर्यतीच्या मोटारीपासून उतरलेले १६० अश्वशक्तीचे इंजिन घेऊन पहिली स्कायलाइन जीटी-आर बाजारात आली, आणि १९७२ पर्यंत तिने जपानमध्ये पन्नास शर्यती जिंकल्या, असा कंपनीचा हिशेब आहे. १९७३ मधील तिची दुसरी आवृत्ती मात्र दोनशेही निघाली नाही. धुराचे नियम कडक झाले, त्यात तेलाचे संकट आले. जीटी-आर हे नाव मिटले ते सोळा वर्षे.

१९८९ मध्ये ते पुन्हा उघडले. आखणीकारांचे प्रमुख होते नागानोरी इतो, आणि त्यांच्या पुढे एक पुस्तक उघडे होते: 'ग्रुप ए' या शर्यतवर्गाचे नियमपुस्तक. या वर्गात दुकानात विकली जाणारी गाडीच उतरविता येई. म्हणजे शर्यत जिंकावयाची तर तसली गाडी आधी हजारोंनी सामान्य गिऱ्हाइकाला विकावी लागे. टर्बो असलेल्या इंजिनाचे आकारमान १.७ ने गुणून त्याचा वर्ग ठरे. (बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, तो टर्बो.) जीटी-आरचे इंजिन २५६८ घन सेंटिमीटरचे. गुणाकार केला म्हणजे साडेचार लिटरांच्या मर्यादेच्या किंचित आत बसते. या एका विचित्र आकड्यात सगळा डाव दिसून येतो. गाडी आधी झाली आणि मग शर्यतीला गेली असे नव्हे. शर्यतीच्या कायद्यातून गाडी कोरून काढली गेली.

ते इंजिन सहा सिलिंडरांचे, एका ओळीतले, दोन टर्बोंचे. प्रत्येक सिलिंडरास हवेची स्वतंत्र झडप. एरवी सारे बळ मागच्या चाकांना मिळे. ती घसरू लागली की संगणक क्षणार्धात निम्म्यापर्यंत बळ पुढच्या चाकांकडे वळवी. वळणावर मागची चाकेही किंचित वळत. किंमत ४४ लाख ५० हजार येन. ती थोडी नव्हती, पण युरोपात अशा वेगाला जे मोल द्यावे लागे त्या मानाने ती हलकी होती.

येथे जपानी सभ्यतेचा एक मासला सांगण्याजोगा आहे. रस्त्यावरील अपघात वाढल्यामुळे कोणीही २८० अश्वशक्तीहून अधिक बळाची गाडी विकावयाची नाही, असा मोटार कंपन्यांचा आपसातील समजुतीचा करार होता. तो २००४ पर्यंत टिकला. त्याप्रमाणे जीटी-आरच्या कागदपत्रांत २८० हाच आकडा आहे. वेगही ताशी १८० किलोमीटरला अडविलेला. वेगाच्या तबकडीवर त्यापुढे आकडेच नाहीत. शर्यतीसाठी त्याच इंजिनातून ५०० हून अधिक अश्वशक्ती काढीत. म्हणजे गिऱ्हाइकाला विकली जात होती ती साखळदंडाने बांधलेली गाडी, आणि साखळदंड सोडावयाचा कसा हे गल्लोगल्लीच्या कारागिरांना ठाऊक झाले.

जपानच्या शर्यतीत १९९० ते १९९३ या चार वर्षांत ती २९ वेळा उतरली आणि २९ वेळा जिंकली. याहून अधिक सांगण्यासारखे तेथे काही नाही. एकतर्फी सामन्याचे वर्णन रंगत नाही. खरा रंग भरला तो ऑस्ट्रेलियात. तेथील एका मोटार मासिकाने १९८९ मध्येच तिला 'गॉडझिला' म्हटले होते. समुद्रातून येऊन शहरे तुडविणारा १९५४ च्या जपानी चित्रपटातला तो राक्षस! बाथर्स्ट गावाजवळील माउंट पॅनोरमा या डोंगरी मार्गावर दरसाल एक हजार किलोमीटरची शर्यत होते. फोर्ड आणि होल्डन या दोन घराण्यांचे पाठीराखे तेथे पिढ्यान्‌पिढ्या हमरीतुमरीवर येत आलेले. १९९१ मध्ये जिम रिचर्ड्स आणि मार्क स्कैफ या जोडीने ती शर्यत जीटी-आरमधून जिंकली. आयोजकांनी गाडीवर जादा वजन लादले, टर्बोचा दाब कमी करविला. तरी १९९२ मध्ये तीच पुढे होती. अखेरीस धो धो पाऊस आला, गाड्या एकामागून एक घसरल्या, रिचर्ड्सची गाडीही आदळून निकामी झाली आणि शर्यत थांबविण्यात आली. नियमाप्रमाणे आधीच्या पूर्ण फेरीवरून निकाल लागला, आणि मोडलेली जीटी-आर विजयी ठरली! लोकांनी हुर्यो उडविली. त्याच दिवशी शर्यत चालू असताना माजी जगज्जेते डेनी हल्म यांचा हृदयविकाराने अंत झाला होता. ते रिचर्ड्सचे स्नेही व देशबांधव. त्या दुःखात त्यांनी विजयमंचावरून प्रेक्षकांना असभ्य भाषेत सुनावले, ते तेथील लोक अद्याप सांगतात. पुढच्या वर्षी नियमच बदलले आणि मोठ्या आठ सिलिंडरांच्या गाड्यांचा वर्ग आला. जीटी-आरला तेथे जागा उरली नाही.

जिला शर्यतीतून घालविले, तिला घरी आणण्याची इच्छा मात्र लोकांत राहिली. आणि येथे जपानचा आणखी एक कायदा मदतीस आला. त्या देशात मोटारीची सरकारी तपासणी, ज्याला 'शाकेन' म्हणतात, ती नव्या गाडीला तिसऱ्या वर्षी आणि पुढे दर दोन वर्षांनी करावी लागते. दहा वर्षांवरील गाडीला तर १९९५ पर्यंत ती दरसाल होती. आपल्याकडे खासगी मोटारीचे पासिंग एकदा झाले की पंधरा वर्षे निर्धास्त. जपानी मालकाला मात्र प्रत्येक तपासणीला विमा, वजनावरील कर आणि दुरुस्ती मिळून मोठी रक्कम मोजावी लागते. तेरा वर्षांनंतर वार्षिक करही चढतो. तेव्हा चांगली धडधाकट गाडी विकून नवी घेणे हाच तेथे शहाणपणा ठरला. जुन्या गाड्यांचे प्रचंड लिलाव भरू लागले, आणि त्या जहाजांत भरून न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, आयर्लंड अशा डावीकडून चालणाऱ्या देशांत जाऊ लागल्या. कंपनीने स्वतः ऑस्ट्रेलियात १९९१ मध्ये जेमतेम शंभर गाड्या विकल्या होत्या; मागल्या दाराने गेल्या त्या कितीतरी अधिक. जी एकूण सुमारे ४४ हजार निघाली, तिचा मोठा हिस्सा असा देशोधडीस लागला.

अमेरिकेत मात्र हे दार बंद होते. १९८० च्या दशकात तेथे युरोपातील आलिशान मोटारी परस्पर आणून विकण्याचा धंदा बोकाळला होता. अधिकृत विक्रेत्यांनी ओरड केली, आणि १९८८ मध्ये कायदा झाला. तेथील सुरक्षा नियमांप्रमाणे न बांधलेली गाडी पंचवीस वर्षांची होईपर्यंत आणू नये, असा त्याचा मथितार्थ. सुरक्षेचे नाव पुढे असले तरी त्यामागे दुकानदारीचा हात नव्हता असे म्हणवत नाही. जी गाडी नवी असताना धोक्याची, ती पंचवीस वर्षे गंजल्यावर निर्धोक कशी होते? (भारताचा नियम याच्या उफराटा. येथे परदेशातून आणावयाची वापरलेली मोटार सर्वसाधारणपणे तीन वर्षांहून जुनी चालत नाही. एकाच वस्तूला एक देश म्हणतो 'फार नवी', दुसरा म्हणतो 'फार जुनी'!) या बंद दाराबाहेर एक पिढी वाढली. १९९७ च्या अखेरीस जपानमध्ये निघालेल्या 'ग्रान तुरिस्मो' या खेळात दूरचित्रवाणीच्या पडद्यावर हीच गाडी मुलांनी हाकली. २००३ च्या एका हॉलिवूड चित्रपटात तिची शेवटची आवृत्ती नायकाने पळविली. जी कधी डोळ्यांनी पाहिली नाही तिच्या प्रत्येक खिळ्याची माहिती असलेले तरुण २०१४ पर्यंत चाळिशीकडे झुकले होते, आणि त्यांच्या गाठीला पैसाही आला होता.

गाडी मिळाली म्हणजे सुख मिळाले असे नव्हे. पहिला प्रश्न असतो तो कुळाचा. साधी स्कायलाइन आणि जीटी-आर दिसावयास भावंडे. रुंद पत्रे, नावाची पट्टी आणि मागचा पंख लावून साधीची जीटी-आर करणारे महाभाग निघालेच. म्हणून जाणता गिऱ्हाईक प्रथम इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक पाहतो: तो 'बीएनआर३२' या अक्षरांनी सुरू झाला तर गाडी खरी, 'एचसीआर३२' असेल तर ती धाकटी बहीण. दुसरा आधार लिलावाच्या कागदाचा. त्यावर गाडीचे चित्र आणि चित्रावर परीक्षकाने अक्षरांनी केलेल्या खुणा असतात: ओरखड्याला 'ए', पोच्याला 'यू', गंजाला 'एस'. अपघातात सांगाडा दुखावला असेल तर श्रेणीच्या जागी 'आर' येतो. जपानी परीक्षक सहसा मुलाहिजा करीत नाही. पण तो कागद जहाजावर चढताना हरवतो, आणि किलोमीटरांचा आकडाही कधीकधी समुद्राच्या हवेने घटतो, असा अनेकांचा अनुभव.

दुसरा प्रश्न ती चालविण्याचा. १९९२ च्या सुमारापर्यंतच्या इंजिनांत ऑइल पंपाला फिरविणारा क्रँकचा भाग आखूड आहे. इंजिन वारंवार अखेरच्या फेऱ्यांपर्यंत ताणले तर तेथे पंप फुटतो, तेल थांबते आणि सारे इंजिन जाते. टर्बोची आतील चक्रे चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाची. हलकी म्हणून चटकन फिरतात, पण मालकाने हौसेने दाब वाढविला की तुटतात. इंजिनाचा दातेरी पट्टा एक लाख किलोमीटरला बदलावयाचा. तो बदलल्याचा पुरावा नसेल तर बदलला नाही असेच धरावे. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. नाहीतर चाक घसरले असे समजून बळ वाटणारी यंत्रणा उगाच झिजत बसते. मागची चाके वळविणाऱ्या तेलाच्या नळ्या तीस वर्षांत पाझरू लागतात, आणि पुष्कळ मालक ती यंत्रणा काढूनच टाकतात. जपानमधील उंची पेट्रोल शंभराच्या आसपास ऑक्टेनचे. अमेरिकेत त्या तोलाचे सर्वत्र मिळत नाही, म्हणून इंजिनाचा संगणक जाणत्याकडून नव्याने लावून घ्यावा लागतो. साखळदंड सोडण्याची कला जशी कामास येते, तशी पुन्हा आवळण्याचीही.

किरकोळ गमतीही आहेत. उजवीकडून चालणाऱ्या देशात उजव्या बाजूस बसलेल्या चालकाला टोलनाक्यावर सबंध आसन ओलांडून हात बाहेर काढावा लागतो. जपानचा एफएम रेडिओ त्या काळी ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा, म्हणून अमेरिकेत गाडीतील मूळ रेडिओवर बहुतेक केंद्रे लागतच नाहीत. बसणाऱ्याच्या पायाशी तांबड्या ज्योतीची एक कांडी असते. ती अपघाताच्या वेळी रस्त्यावर पेटवून ठेवण्याची जपानी सक्तीची वस्तू. तिच्यावरील जपानी अक्षरे वाचता न आल्याने ती काय आहे हे वर्षानुवर्षे न कळलेले मालकही आहेत.

पण खरा पेच यांपैकी कशातच नाही. तो किमतीने उभा केला आहे. एके काळी जपानमधील तरुण कारागीर पगारातून पैसे साठवून जी गाडी घेत आणि रात्री डोंगरघाटांतून हाकीत, ती आता श्रीमंतांच्या संग्रहात जाऊन बसली. चित्रपटात वापरलेली शेवटच्या आवृत्तीची एक गाडी २०२३ मध्ये साडेतेरा लाख डॉलरांना गेली. असले आकडे ऐकले की साध्या मालकाचा हात किल्लीवर अडतो. चालविली तर किलोमीटर वाढतात, किंमत घटते. झाकून ठेवली तर रबर सुकते, तेल बसते, ब्रेक धरतात. जी गाडी शर्यतीच्या नियमातून जन्मली तिला मखरात बसविणे हा तिच्यावर अन्यायच. पण ज्याने घर गहाण टाकून ती घेतली त्याला हे सांगणे सोपे नाही.

जपानलाही उशिराने जाग आली. गाड्या जात राहिल्या आणि मागे राहिलेल्यांना सुटे भाग मिळेनात. तेव्हा डिसेंबर २०१७ पासून निसानने आपल्या निस्मो शाखेमार्फत १९८९ च्या आवृत्तीसाठी बंद पडलेले भाग पुन्हा बनविण्यास आरंभ केला: नळ्या, तारांचे जुडगे, पत्र्याच्या पट्ट्या. पुढे दोन नंतरच्या आवृत्त्यांचेही भाग आले. जानेवारी २०२५ मध्ये तर कंपनीच्या इंजिनियरांनी एका जुन्या जीटी-आरचे इंजिन काढून तेथे विजेच्या मोटारी बसविल्या आणि ती टोकियोच्या प्रदर्शनात मांडली. हाडाच्या भक्तांनी नाके मुरडली. १९४७ ची तामा त्यांना आठवली नसावी.

अमेरिकेतील तारखांचा हिशेब दरम्यान पुढे सरकतच राहिला. १९९५ ची आवृत्ती २०२० मध्ये मोकळी झाली. १९९९ ची, म्हणजे चित्रपटातील आणि मुलांच्या स्वप्नातील ती शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२४ पासून. तिचे उत्पादन धुराच्या नव्या नियमांमुळे ऑगस्ट २००२ मध्ये थांबले होते. तेव्हा सर्वांत अखेरच्या गाड्यांना पंचवीस वर्षे पुरी होतात ती ऑगस्ट २०२७ मध्ये. अमेरिकन व्यापाऱ्यांनी असल्या गाड्या आधीच विकत घेऊन जपानमधील गोदामांत ठेवून दिल्या. पैसे भरलेले, मालकाचे नाव लागलेले, आणि गाडी मात्र आपल्याच देशात वाढदिवसाची वाट पाहत उभी.